खाडीच्या नावानं आलेला पैसा खाडीत का उतरत नाही?

तळाशीलला उभं राहिलं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, मध्ये माडांची अरुंद पट्टी आणि त्या पट्टीवर माणसांची घरं. तिकडे कर्लीच्या तोंडाशी देवबागची तीच गत. पावसाळ्यात उधाण आलं की दोन्ही गावांत माणसं रात्र जागून काढतात. दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रकार जातो, आडव्या झालेल्या माडांचे फोटो काढतो, 'बंधाऱ्याची ग्रामस्थांची मागणी' असा मथळा देतो आणि घरी येऊन जेवतो. मी स्वतः हा मथळा एवढ्या वेळा दिलाय की आता तारीख बदलली तरी बातमी चालेल. यंदा तो द्यायचा कंटाळा आला, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. पण खाडीकाठच्या माणसांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडे कुठलाही विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "निधी नाही." रस्त्याबाबत ते खरं असेल, नळपाणी योजनेबाबत असेल. पण मालवणच्या किनाऱ्याच्या आणि खाड्यांच्या अभ्यासासाठी, संवर्धनासाठी पैसा आलाच नाही असं कुणाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा. आला. चांगला आला.

जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे जीईएफ, यूएनडीपी आणि आपलं सरकार यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्याचा प्रकल्प आठवतो का? २०११-१२च्या सुमारास सुरू झाला. त्यात जीईएफचं अनुदान सुमारे ३४ लाख डॉलर होतं. त्या वेळच्या भावानं पंधरा ते अठरा कोटी रुपये. सरकारनं इतर खात्यांतून घालायची रक्कम वेगळीच, आणि ती याच्या तिपटीहून जास्त धरली होती. नंतर ऑक्टोबर २०१८मध्ये हरित हवामान निधीनं आणखी मोठा प्रकल्प मंजूर केला. आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर, आणि महाराष्ट्राच्या वाट्यात नावं कुणाची? विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण. आपलीच.

मग एवढं सगळं येऊन गेल्यावर मी साधा प्रश्न विचारतो. कालावल खाडीत आज तिसरे किती आहेत? दहा वर्षांपूर्वी किती होते? खारं पाणी मसुऱ्याच्या दिशेनं किती आत चढतं? कर्लीच्या तोंडाचा वाळूचा दांडा कुठून कुठे सरकला? याचं उत्तर, मराठीत, तारखेनिशी, तुम्हाला किंवा मला बघायला मिळेल अशा एका जागी आहे का? मला तरी मिळालेलं नाही. शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकला होता. नाव लिहीत नाही, कारण तिथले कर्मचारी बिचारे भले आहेत आणि दोष त्यांचा नाही. उत्तर आलं की सदर प्रकल्प पूर्ण झालेला असून अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही. दुसऱ्या जागी विचारा. दुसऱ्या जागी गेलो तर तिथल्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी पुस्तक दाखवलं. मुखपृष्ठावर प्रवाळ. आत डॉल्फिन. खाडीची पानं शोधावी लागली.

ही एक गंमतच आहे. समुद्र फोटोत छान दिसतो. खाडीचा चिखल दिसत नाही. देणगीदार सातासमुद्रापार बसलेला, त्याला निळं पाणी पाठवलेलं बरं. पण ज्याला मासळीतलं थोडंफार कळतं त्याला ठाऊक आहे की कोळंबीचं, शेवटाचं, जिताड्याचं पोर वाढतं ते खाडीत, कांदळाच्या मुळांमध्ये. खाडी गेली तर समुद्रात जाळं टाकून काय निवटे काढायचे?

आता न्यायाचं बोलायचं तर त्या प्रकल्पानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, ते त्याच काळातलं काम. पर्यटकांना आपल्या भाषेत झाडांची नावं सांगतात. नवऱ्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बायका आज स्वतःच्या नावानं पेपरात येतात, ही लहान गोष्ट नाही. ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आसाचा खोळा लावला की बारीक पिल्लं सुटून जातात, हे इथे दाखवून दिलं गेलं. काही पोरं पाण्याखाली पोहायला, पर्यटकांना न्यायला शिकली. राज्याच्या कांदळवन योजनेतून खेकडे, कालवं, जिताडा पाळायला गटांना ९० टक्के अनुदान मिळालं, दहा टक्के गटानं घालायचे. काही गट चालले. काही बसले, कारण खेकड्याचं बी तामिळनाडूच्या हॅचरीतून आणायचं, वाटेत मेलं तर पुढचं बी कधी, ते देवालाच माहीत.

पण बघा, यातली जी कामं टिकली ती कुठली? ज्यात माणसाचा हात रोज खाडीत जातो ती. आणि जी विरली ती कुठली? ज्यात बाहेरचा माणूस येऊन मोजतो आणि जातो.

रेवंडीकडच्या एका म्हाताऱ्या मच्छिमारानं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. मी वहीत उतरून घेतलं, कारण आम्हा सगळ्यांच्या थोबाडीत मारणारं ते होतं. "तुमी बातमी घालतास, ते अहवाल घालतत. खाडीत कोण काय घालता?"

दोष प्रकल्पाच्या हेतूत नाही, त्याच्या वयात आहे. प्रकल्पाला आरंभ असतो, मध्यावधी आढावा असतो, समारोप असतो, समारोपाला शाल-श्रीफळ असतं. नदीला यातलं काही नसतं. गड नदी दरवर्षी सह्याद्रीतून माती-वाळू घेऊन खाली येते, त्यातली काही खाडीत बसते, काही तोंडातून बाहेर पडून लाटांबरोबर किनाऱ्यावर जाते. तळाशीलची पुळण याच वाळूवर जगते. वर वाळू किती उपसली, खाली किनारा किती खाल्ला गेला, हे कळायचं तर पाच वर्षांची मोजणी पुरत नाही. एखादा पाऊस जोराचा, एखादा हलका, मध्ये क्यार आणि तौक्ते यांसारखी वादळं. पंधरा-वीस वर्षं सलग, त्याच जागी, त्याच महिन्यात मोजलं तर काहीतरी बोलता येतं. आपल्याकडे पाच वर्षं मोजून पुढची पाच वर्षं कुणी फिरकत नाही. मग नवा प्रकल्प येतो आणि 'पायाभूत सर्वेक्षण' पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाया भरून झाला, पाया भरून झाला, घर कधी बांधणार?

आता याच खाडीत एक गोष्ट मात्र न चुकता मोजली जाते. वाळू. लिलावाआधी पाहणी होते, गट पाडले जातात, किती ब्रास काढता येईल याचा आकडा ठरतो, स्वामित्वधन ठरतं. म्हणजे मोजायची अक्कल आणि यंत्रणा आपल्याकडे आहे. ज्यातून तिजोरीत पैसा येतो ते मोजायचं, आणि ज्यावर काठच्या बाईची चूल चालते ते मोजायचं नाही, एवढाच फरक. हातपाटीनं बुडी मारून वाळू काढणारा आणि रात्री सक्शन पंप लावणारा हे दोघे एक नाहीत, हे मला माहीत आहे. सीआरझेडच्या नियमातही पारंपरिक माणसाला हातानं वाळू काढायला वाव ठेवलाय. पण दोघांनी मिळून खाडीचा तळ किती खाली नेला, त्यानं भरतीचं पाणी किती आत शिरलं, कुठल्या विहिरी खाऱ्या झाल्या, कुठलं खाजण बुडालं, याची नोंद नसली की वाद फक्त आवाजावर चालतो. ज्याचा आवाज मोठा तो बरोबर. तळाशीलची माणसं उपोषणाला बसतात तेव्हा त्यांच्या हातात फलक असतो, आकडा नसतो. समोरच्या टेबलावर आकडा असतो. काय होणार?

हाडीजवळ एक काकी भेटली होती, ओहोटीला तिसरे काढणारी. "रे झिला, आदी ओहोटी लागली की घटकाभरात टोपली भरा. आता दुपार होईसर हात घातलंय तरी तळ झाकना नाय." शास्त्रज्ञ ज्याला 'प्रति एकक प्रयत्न उत्पन्न' म्हणतात ते हेच. घटकाभरात किती. तिला ते चाळीस वर्षांचं पाठ आहे. कुणी तिच्याकडून ते महिन्याला एकदा लिहून घेतलं असतं, तिला त्या कामाचे चार पैसे दिले असते, तर आज कालावलच्या खाडीचा चाळीस वर्षांचा इतिहास आपल्याकडे असता. तसं करायला लाखो डॉलर लागत नाहीत. एक वही लागते, एक वजनकाटा, पाण्याचा खारेपणा बघायचं हातातलं साधन, आणि न चुकता दर महिन्याला येणारा थोडा पैसा. हा शेवटचा भागच आपल्याकडे नाही.

थोडा पैसा, थेट माणसाच्या हातात, वेळेवर गेला तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात कासव, देवमासा किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छिमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८च्या अखेरीपासून त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अट एवढीच की फोटो किंवा व्हिडिओ काढायचा. आधी काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे. आता पोरगा आधी मोबाईल काढतो, मग सुरी. एका फुटकळ वाटणाऱ्या योजनेनं जे झालं ते कित्येक कार्यशाळांनी झालं नव्हतं, आणि वर किनाऱ्यावर कुठे कुठला प्राणी सापडतो याची फुकटात नोंद झाली. ही योजना राज्याच्या मत्स्य आणि वन खात्याच्या लोकांनी केली. म्हणजे करायचं मनात आलं की करता येतं.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्याला लागू पडणारं. न्यूयॉर्कजवळ हडसन नावाची नदी आहे, तोंडाशी खाडीच. तिच्या काठी एका वीज कंपनीला डोंगर फोडून वीजप्रकल्प करायचा होता. काठावरच्या मच्छिमारांनी १९६६ साली संघटना काढली. त्यांना १८९९चा एक धूळ खात पडलेला कायदा सापडला, ज्यात नदी घाण करणाऱ्याची माहिती देणाऱ्याला दंडाचा अर्धा वाटा मिळायचा. त्यांनी तो वापरून खरोखर पैसे मिळवले. पुढे प्रकल्पाचा वाद वर्षानुवर्षं चालून १९८०च्या डिसेंबरात तडजोड झाली. प्रकल्प रद्द, आणि वीज कंपन्यांनी नदीच्या स्वतंत्र अभ्यासासाठी १ कोटी २० लाख डॉलरची ठेव ठेवायची. त्यातून प्रतिष्ठान उभं राहिलं आणि आजही ते नदीच्या संशोधनाला अनुदान देतं. ठेव कुणाकडून आली बघा. नदी वापरणाऱ्याकडून. आणि पैसे वाटायचा निर्णय कुणाकडे गेला? कंपनीकडे नाही, सरकारी खात्याकडेही नाही.

घरचं उदाहरण हवं तर आपल्या प्रकल्पाचा जुळा भाऊ गोदावरीच्या मुखाशी होता, आंध्रात. तिथे काकीनाड्यात त्या खाडीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान नोंदलं गेलं. आपल्याकडे कांदळवनाचं प्रतिष्ठान झालं ते साऱ्या राज्याचं, २०१५ साली, आणि बसतं मुंबईत. त्यांचं काम वाईट आहे असं नाही, वर सांगितलेल्या काही योजना त्यांच्याच आहेत. पण ठाणे खाडीचे फ्लेमिंगो आणि नवी मुंबईची कांदळवनं समोर असताना कालावलच्या तिसऱ्यांची फाईल वर कधी येणार?

आता म्हणाल, टीका झाली, मार्ग काय? मार्ग कायद्यात आधीच लिहून ठेवलाय. जैवविविधता कायदा २००२. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची. तिचा स्वतःचा स्थानिक जैवविविधता निधी असू शकतो, त्यात सरकारचं अनुदान येऊ शकतं, आणि गावाच्या हद्दीतली जैविक संपत्ती धंद्यासाठी नेणाऱ्याकडून शुल्कही घेता येतं. म्हणजे पैसा ठेवायची पेटी तयार आहे. किल्ली तुमच्या पंचायतीत आहे. पेटी रिकामी आहे, ही गोष्ट वेगळी.

आणि नोंदवह्या? त्या कशा झाल्या तेही सांगतो. राष्ट्रीय हरित लवादानं राज्यांना ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली आणि नंतर महिन्याला १० लाख रुपयांचा दंड ठरवला. तोवर झोपलेली यंत्रणा खडबडून उठली आणि देशभर नोंदवह्या पोह्यांसारख्या भराभर तयार झाल्या. मी तीन गावांच्या वह्या पाहिल्या. दोन गावांच्या वहीत झाडांची यादी अक्षर न अक्षर सारखी होती. एक गाव खाडीकाठचं होतं, दुसरं घाटाच्या पायथ्याचं.

पैसा कुठून आणायचा? वाळूच्या स्वामित्वधनाचा आणि बेकायदा वाळूच्या दंडाचा ठरावीक वाटा ज्या खाडीतून वाळू गेली त्याच खाडीच्या गावांच्या निधीत जावा. रेडी-कळण्याच्या खाणींमुळे आपल्या जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे, आणि त्या पैशाच्या अग्रक्रमाच्या कामांत पर्यावरण रक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यातूनही रस्ते आणि सभामंडपच का व्हावेत? खाडीत होड्या फिरतात, संगमावर वॉटर स्पोर्ट्स चालतात, त्यांच्याकडून तिकिटामागे पाच रुपये घ्या. मुंबई-पुण्याचा पर्यटक पाच रुपयांसाठी परत जाणार नाही. मग त्या पैशातून लहान लहान अनुदानं द्या, वीस हजार, पन्नास हजार. कुणाला महिन्याची मोजणी करायला, कुणाला कांदळ लावून जगवायला (लावायला नाही, जगवायला, लावण्याचे फोटो पुष्कळ आहेत), कुणाला खाजणाचा बांध सांभाळायला. शास्त्र तपासायला रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मालवणात कॉलेज आहे. पोरांना प्रकल्प हवेच असतात. हिशेब दर ग्रामसभेत भिंतीवर लावायचा, मराठीत.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: "पंचायतीत पैसा गेला की खाल्ला जाईल." खाल्ला जाऊ शकतो, नाही कुणी म्हटलं. पण वीस हजाराचा घोळ गावाला दोन दिवसांत कळतो, कारण ज्याला दिले त्याची होडी सगळ्यांना दिसते. मोठ्या प्रकल्पात 'क्षमता बांधणी' या दोन शब्दांखाली किती गेलं ते तुम्हाला-मला जन्मात कळणार नाही. दुसरा: "मच्छिमार मोजणी करू शकत नाहीत." ज्याला पाण्याच्या रंगावरून मासळी कुठे आहे ते कळतं त्याला वजनकाटा वाचता येणार नाही, असं मानणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. आकडे बाहेर आले तर ते आपल्यालाही अडचणीचे होतील. खाडीकाठी असं घर आहे ज्यातला एक भाऊ उपोषणाला बसतो आणि दुसरा रात्रीच्या वाळूवर जातो. आमच्या धंद्यात दिवाळीच्या जाहिराती कुणाकुणाच्या येतात ते मीही जाणतो. होमस्टेचं सांडपाणी कुठे सोडलंय हे आपण शेजाऱ्याला विचारत नाही, कारण तो आपल्याला विचारेल. मोजणी सुरू झाली की यातलं काही झाकलं राहणार नाही. मला वाटतं, वहीला खरा विरोध इथून होईल, मंत्रालयातून नाही.

आणि भीतीही आहे, ती खोटी नाही. १३ एप्रिल १९८७ला मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२२ चौरस किलोमीटरचं, माणसांना नीट न विचारता. त्या दिवसापासून 'संवर्धन' म्हटलं की इथला मच्छिमार आधी विचारतो, माझी होडी कुठे बांधू? २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र म्हणून आले, आणि त्यांचं व्यवस्थापन मच्छिमारांसह स्थानिकांच्या सहभागानं करायचं असं त्यात लिहिलं. सहभाग म्हणजे हजेरीपटावर सही आणि वडापाव, एवढाच अर्थ आजवर आपल्या वाट्याला आला. म्हणूनच निधी गावाच्या हातात हवा. ज्याच्या हातात वही, त्याला कुणी उठवून लावू शकत नाही. निदान सहज तरी नाही.

तर आता काम. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. तळाशील-तोंडवळी, रेवंडी, हाडी, मसुरे, देवबाग, आचरा, जिथे जिथे खाडी आहे तिथल्या माणसांनी त्याआधी ग्रामसेवकाकडे जाऊन तीन गोष्टी मागा: समितीच्या सदस्यांची यादी, नोंदवही, आणि जैवविविधता निधीच्या बँक खात्याचा शेवटचा उतारा. समितीवर स्वतःचं नाव आहे हे माहीत नसलेले सदस्य मला दोन गावांत भेटलेत, तेव्हा यादी नीट वाचा, कदाचित तुम्हीच असाल. नोंदवहीत 'तिसरे', 'मुळे', 'कालवं' यांचं पान आहे का बघा. असेल तर फोटो काढून मला पाठवा. नसेल तर कोऱ्या पानाचा पाठवा. गावाचं नाव घालून सगळे फोटो इथेच एकाखाली एक लावतो.